टर्बोच्या अलीकडचा दाब

जुन्या डिझेल इंजिनाला वायरिंग चिकटवायचं नाही, हे मत मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आलो. पंप-नोझलच्या कामात मुरलेल्या माणसाचं मत असंच बनतं. पंपातला गव्हर्नर वजनं आणि स्प्रिंगवर चालतो, बिघडला तर आवाजावरून कळतो आणि तालुक्याच्या गावीही दुरुस्त होतो. मग टर्बोलाही स्प्रिंग आणि डबीच पुरे, असं मी म्हणायचो. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो, म्हणजे आपण ज्याला व्हीजीटी म्हणतो, त्याबाबत मात्र आता मी तसं म्हणत नाही. माझं ऐकून काहींनी आपल्या जीप तशा बांधून घेतल्या आहेत, म्हणून हे लिहायलाच हवं.

व्हीजीटीत टर्बाइनच्या चाकाभोवती हलणारी पाती असतात. ती मिटली की वाट अरुंद होते आणि कमी फेऱ्यांवरचा थोडासा एक्झॉस्टही वेगाने चाकावर जातो. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, तसं. फेऱ्या वाढल्या की पाती उघडायची. डिझेल मोटारीत ही सोय पहिल्यांदा १९९१ साली फियाट क्रोमात आली. आपल्याकडे एमहॉक स्कॉर्पिओ, रांजणगावला बनलेली लिनिया अशा गाड्यांमधून हे टर्बो भंगारात आले. महिंद्रच्या जुन्या जीपमधल्या अडीच लिटरच्या प्यूजो एक्सडी३पी इंजिनाला त्यातला स्कॉर्पिओचा मापाने जवळ जातो, म्हणून मोह होतो.

अशा टर्बोवर मूळची व्हॅक्यूमची डबी असेल तर ती काढून आम्ही बूस्टवर चालणारी लावायचो. स्प्रिंग पाती मिटून धरते, बूस्ट वाढलं की डायफ्रॅम दांडी ढकलतो आणि पाती उघडतात. खंबाटकीच्या चढाला जीप अशी ओढायची की मालक खूश आणि मीही.

मत बदललं ते दुसऱ्या एका काट्यामुळे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून नट वेल्ड केला, गॅस थंड व्हावा म्हणून तांब्याची बारीक नळी वेटोळी करून पुढे आणली आणि डॅशबोर्डवर गेज लावला. तोवर आम्ही नुसतं बूस्ट बघत होतो. सपाट हायवे, ॲक्सिलरेटरवर पाय हलका, बूस्टचा काटा जेमतेम उठलेला, आणि मॅनिफोल्डचा काटा त्याच्या दुपटीच्याही वर! विचार केल्यावर कारण उघड दिसलं. हलक्या लोडला बूस्ट कमी, म्हणून डबी दांडी ढकलत नाही, म्हणून पाती मिटलेलीच. इंजिन प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकला आपलाच धूर जोर लावून बाहेर ढकलत राहतं आणि त्यात डिझेल फुकट जातं. हा दाब फारच चढला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही त्याला पुरत नाहीत. चढ पाच-दहा मिनिटांचा असतो, सपाटी तासन्‌तास चालते.

रबरी नळीचा मुद्दा मला त्याहून गंभीर वाटतो. या टर्बोंच्या मूळ रचनेत व्हॅक्यूम पाती मिटवतो आणि स्प्रिंग ती उघडते. नळी निसटली तर गाडी ओढत नाही, पण घरी पोचते. आमच्या रचनेत नळी निसटली की पाती मिटलेलीच राहतात; पाय खाली असेल तर टर्बोच्या फेऱ्या आणि मॅनिफोल्डचा दाब आवरायला काहीच उरत नाही. कारखान्याने विचारपूर्वक ठेवलेली ही सुरक्षितता आपण साधेपणाच्या नावाखाली काढून टाकत होतो.

आता मी मूळची व्हॅक्यूम डबी ठेवतो. अल्टरनेटरच्या मागे ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतोच. त्यातून जोड घेताना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, ब्रेकशी खेळ नको. डबीला किती व्हॅक्यूम द्यायचा ते सोलेनॉइड ठरवतो आणि सोलेनॉइडला एक छोटा कंट्रोलर चालवतो. नव्या गाडीच्या ईसीयूला डिझेल किती सोडलं ते ठाऊक असतं. आपला पंप ते सांगत नाही. म्हणून पंपाच्या लिव्हरला पोझिशन सेन्सर लावतो, फेऱ्या अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घेतो, आणि दाबाचे सेन्सर दोन, बूस्टचा एक व मॅनिफोल्डचा एक. पाय हलका असेल तर पाती उघडी. कमी फेऱ्यांवर पाय दाबला तर मिटवायची. मॅनिफोल्डचा दाब बूस्टच्या दीडपटीच्या फार पुढे जाऊ लागला की बाकी काहीही असो, उघडायची. भर बूस्टमध्ये पाय अचानक उचलला तरी उघडायचीच, मिटवली तर कंप्रेसर सर्ज होतो. यातली एकही गोष्ट एका स्प्रिंगला समजत नाही, कारण तिच्यापर्यंत एकच दाब पोचतो.

डिझेल सोडण्याचं काम मात्र मी आजही पंपाकडेच ठेवतो. तिथे मला वायर नको आहे आणि हे मत बदलेल असं वाटत नाही.

ज्यांनी माझ्या जुन्या सल्ल्याने डबी लावली आहे, त्यांना कळकळीची विनंती: कंट्रोलरचा खर्च नंतर करा, आधी मॅनिफोल्डला गेज लावून सपाट रस्त्यावर एक फेरी मारा. टर्बोवरचा पात्यांचा स्टॉप स्क्रू फिरवू नका. आणि सेन्सर-वायरिंग सांभाळणं जमणार नसेल, तर व्हीजीटीचा नाद सोडून वेस्टगेटचा साधा, लहान टर्बो बसवा. तुमच्या इंजिनाला तोच बरा.