निवडक गाणी घ्यावीत का?

चिवड्यातले काजू तेवढे वेचून खावेत, तसं निवडक गाण्यांच्या सीडीचं असतं. तोंड गोड होतं, पण तो काही चिवडा नव्हे.

माझ्या भाचीचा साखरपुडा झालाय. तिनं विचारलं, "मावशी, 'द पोलीस'ची निवडक गाणी घेऊ का गं? त्याला द्यायचीत. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे आमचं गाणं आहे."

स्टिंग, अँडी समर्स आणि स्टुअर्ट कोपलंड हे तिघे म्हणजे 'द पोलीस'. इंग्लंडात पंकची धामधूम चालू असताना यांनी रेगेचा ठेका उचलला आणि न्यू वेव्हमध्ये आपली वाट काढली. १९७८ ते १९८३ मध्ये पाच अल्बम काढले नि आटोपतं घेतलं. मार्च १९८० मध्ये ते मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेले. तो कार्यक्रम 'टाइम अँड टॅलेंट्स' या बायकांच्या क्लबने भरवला होता, हे मला फार आवडतं.

आता खरेदीचं. १९८६ च्या 'द सिंगल्स' संग्रहात बारा गाणी आहेत. त्यासाठी तिघे पुन्हा जमले, तर कोपलंड घोड्यावरून पडला आणि त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. त्यामुळे 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' हे जुनंच गाणं नव्यानं करून त्यात घातलं, आणि मूळचं बाहेर राहिलं. मूळ गाण्याची धग नव्यात नाही. त्यापेक्षा १९९२ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' बरा. सोळा गाणी, आणि ते गाणं मूळ रूपात.

पण खरी अडचण 'आमच्या गाण्या'ची आहे. १९८३ मध्ये ते अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि लोक ते लग्नांतही वाजवतात. पण स्टिंगनं ते लिहिलं तेव्हा त्याचा पहिला संसार मोडत होता. गाण्यातला माणूस बाईच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवतो. हे प्रेमगीत नाही, असं स्टिंगनंच पुढे सांगितलं. मूळ 'सिंक्रोनिसिटी' अल्बममध्ये त्याच्या आधीचं गाणं एका कुढणाऱ्या, तुटत आलेल्या घराचं आहे. ते ऐकून पुढे गेलं की अंगावर काटा येतो. १९८६ च्या संग्रहात ते शेजारचं गाणं नाही, म्हणून हे गोड वाटतं.

बायांनो, आपल्याकडेही असंच होतं ना? "कुठे होतीस? कोणाशी बोलत होतीस? उशीर का झाला?" याला घरातले काळजी म्हणतात, आणि आपणही म्हणतो. काळजी करणारा माणूस उत्तर ऐकून निवांत होतो. पाळत ठेवणारा पुढचा प्रश्न काढतो. हा फरक लग्नाआधी कळलेला बरा.

भाचीला म्हटलं, "घे गं, पैसे वाया जायचे नाहीत. 'रॉक्सॅन', 'मेसेज इन अ बॉटल' एका जागी मिळतील. पण जोडीला 'सिंक्रोनिसिटी' घे, आणि दोघं मिळून सलग ऐका. मग हे गाणं कशाचं आहे, ते त्याला विचार. तो काय म्हणतो, ते नीट ऐक."