वाट आखणाऱ्याचे विज्ञान

खेळ खेळणारा एक असतो आणि खेळ मांडणारा दुसरा. खेळणाऱ्याला आपली उडी तेवढी सांभाळायची असते. मांडणाऱ्याला मात्र अनोळखी माणसाच्या उडीचा विचार करावा लागतो. तो कोठे थबकेल, कोठे घाई करील, कोठे पडेल आणि पडल्यावर पुन्हा उभा राहील की वैतागून निघून जाईल, हे सारे त्याला आधीच ताडावे लागते. आमच्या धर्मग्रामातील चार मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत सभागृहातील संगणकावर अशी एक वाट आखली. ती जवळून पाहताना जे विचार मनात आले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटतात.

‘माइनक्राफ्ट’ हे नाव मुलाबाळांच्या घरात आता नवे राहिलेले नाही. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी हा खेळ २००९ साली लोकांपुढे आणला. २०११ साली त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. त्यातील जग मीटरभर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचे असते. ठोकळे फोडावेत, रचावेत आणि त्यांतून आपल्या मनातील सृष्टी उभारावी. ‘पार्कूर’ हा शब्द फ्रेंच. भिंती, कठडे, पायऱ्या असे अडथळे केवळ शरीराच्या बळावर ओलांडण्याची ही कला जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याच्या व्यायामपद्धतीतून उगवली आणि पॅरिसजवळच्या लिस गावात दाविद बेल व त्याच्या सोबत्यांच्या हाती तिला आजचे रूप आले. ठोकळ्यांच्या जगात तिचा अर्थ असा की हवेत तरंगणाऱ्या ठोकळ्यांवरून उड्या मारीत शेवट गाठायचा. धावत मारलेल्या उडीने सपाटीवर चार ठोकळ्यांचे अंतर कसेबसे पार होते. उंची मात्र सव्वा ठोकळ्याहून अधिक मिळत नाही. बर्फावर पाय घसरतो, मधाच्या ठोकळ्यावर उडी खुंटते. अशा वाटेला मुले ‘मॅप’ म्हणतात.

या चौघांतील एक मुलगा नववीला विज्ञानात जेमतेम काठावर सुटला होता. वर्गात तो तोंड उघडत नसे. त्याची आई वाळूजच्या एका कारखान्यात कामाला जाते. ‘फादर, हा खेळ त्याच्या डोक्यातून काढा, नाहीतर दहावी हातची जाईल,’ असे ती कळवळून सांगत होती. तिची भीती अनाठायी नव्हती. तिच्या घरात दहावीच्या उंबरठ्याशी आलेला तो पहिलाच. मी मुलांना अट घातली. सुट्टी संपेपर्यंत विज्ञानाचा मॅप करून दाखवावा. त्यात खरोखर विज्ञान नसेल तर संगणक कुलपात जाईल.

आठवडाभरात पहिला आराखडा तयार झाला. दर दहा उड्यांनंतर एक पाटी आणि पाटीवर न्यूटनचा एखादा नियम. दिसायला देखणा होता. परंतु त्या चौघांत एक मुलगी होती, तिने सरळ विचारले, ‘पाट्या काढून टाकल्या तर वाट बदलेल का?’ कोणी उत्तर दिले नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते. नियम पाटीवर होता, उडीत नव्हता. वाचकहो, आपल्या किती पाठ्यपुस्तकांना, किंबहुना किती प्रवचनांना, हा प्रश्न विचारता येईल!

मग त्यांनी चंद्राचा टप्पा घेतला. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या २०१८ सालच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, आणि २०२४ साली या खेळाच्या जावा आवृत्तीत गुरुत्वाकर्षण कमी-अधिक करण्याची सोय आली. खेळातील काळ सेकंदाच्या विसाव्या भागाने पुढे सरकतो आणि तेवढ्या प्रत्येक क्षणात पडणाऱ्याचा वेग ०.०८ ठोकळ्याने वाढतो. मुलांनी गुणाकार केला तेव्हा पतनाचे त्वरण ३२ आले. पृथ्वीवर ते ९.८. म्हणजे या खेळातला माणूस आपल्याहून तिपटीने जड ओढीखाली वावरतो! चंद्रावर ओढ एक षष्ठांश, म्हणून त्यांनी खेळातील ओढही सहाने भागली. उडी सहापट, म्हणजे साडेसात ठोकळे जाईल, अशा हिशेबाने पायऱ्या सहा-सहा ठोकळे उंच रचल्या. पहिल्याच पायरीवर सारे अडले. उडी जेमतेम पाच ठोकळे जात होती.

दोन संध्याकाळी या कोड्यात गेल्या. उत्तर सापडले ते त्या गप्प मुलालाच. खेळ दर क्षणी वेगातील पन्नासावा हिस्सा हवेच्या अवरोधासाठी कापून घेतो. ओढ कमी झाली की माणूस हवेत अधिक काळ राहतो आणि ही कपात अधिक वेळा होते. ‘आपण ओढ चंद्राची केली, पण हवा इथलीच राहिली,’ तो म्हणाला. खऱ्या चंद्रावर हवा नाही. हे वाक्य कोणत्याही पाटीवर नव्हते. ते त्याला अडलेल्या उडीने शिकवले.

दुसरा टप्पा आपल्या शहरातला. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि तिच्यासाठी भूमिगत नहर आणली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीलाही दूरच्या डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून येई, चिरेबंदी मनोऱ्यात वर चढे आणि उंचावरून कोसळून जाते फिरवी. बंद नळातले पाणी उगमाच्या पातळीकडे वर चढते, तिच्यापलीकडे नाही, हे त्यातले मर्म. खेळातले पाणी मात्र आपणहून कधीच वर चढत नाही. सपाटीवर ते सात ठोकळे वाहते आणि थांबते. दोन झरे एका ठोकळ्याच्या अंतरावर ठेवले तर मधोमध तिसरा झरा फुकट निर्माण होतो. अशा जगात पाणचक्की बांधायची कशी?

मुलांनी युक्ती काढली. पाणी चढत नसेल, तर खेळणाऱ्यानेच पाणी व्हावे. तो डोंगरावरील हौदातून निघतो, बोगद्यात उतरतो आणि पुढे दोन मनोरे दिसतात. एक हौदाहून ठेंगणा, दुसरा उंच. ठेंगण्यात बुडबुड्यांचा प्रवाह त्याला वर उचलतो. उंच मनोरा अर्ध्यावर कोरडा. आपण कोठून निघालो याचे भान ज्याने राखले, त्यालाच योग्य दार कळते. आता पाट्यांची गरजच उरली नाही.

मॅप मांडणाऱ्यांची एक रीत मला विशेष भावली. जी उडी स्वतः मारली नाही, ती दुसऱ्याला मारायला सांगू नये. चार ठोकळ्यांची उडी शक्य असते, पण मुलांनी ती तीनवर आणली, कारण लहान भावंडेही खेळणार होती. ठरावीक अंतरावर थांबे ठेवले, म्हणजे पडणारा अगदी आरंभाशी न जाता मागच्या थांब्याशी परततो. शाळेत पडणे वर्षातून एकदा मोजले जाते आणि गुणपत्रिकेवर कायमचे लिहिले जाते. इथे तो मुलगा संध्याकाळभरात पन्नासदा पडला आणि प्रत्येक वेळी का पडलो हे वहीत टिपत गेला. त्याच्या आईने ती वही पाहिली. अभ्यास झाल्यावर रोज एक तास, एवढी सवलत तिने दिली, अधिक नाही.

आपल्या शेजारीच दौलताबादचा किल्ला आहे. तेथील ‘अंधारी’ नावाचा नागमोडी भुयारी मार्गही कोणा कुशल माणसाने आखला. अनोळख्याचे पाऊल कोठे पडेल, तो कोठे गोंधळेल, हे त्यालाही नेमके ठाऊक होते. त्या ज्ञानाचा उपयोग त्याने आत शिरलेल्या शत्रूला पाडण्यासाठी केला. वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून धुराने वाट कोंडण्याचीही सोय ठेवली. किल्ल्याला ते भागच होते. पण शिकवणाऱ्याच्या हातीही नेमके हेच ज्ञान असते: समोरचा कोठे पडणार हे आधी ओळखण्याचे. त्या जागी तो अंधार ठेवतो की थांबा, यावरच पुढच्याचे शिकणे अवलंबून राहते.