पहिला सेट गेला तरी...

जुलैमध्ये बीडहून एसटीनं शिरूर कासारला गेले. सिंदफणाकाठचं तालुक्याचं गाव. टेनिस बघायला इथं कोण येतंय? पण टेनिसवेडीला सगळीकडे टेनिसच दिसतं, त्याला काय करणार!

रस्त्यालगतच्या रानात एक काका दुबार पेरणी करत होते. पावसानं ओढ दिली, पहिलं बियाणं वाया गेलं.

"काका, पुन्हा पैसे घालायची भीती नाही वाटत?"

"वाटती ना. पण रान पडीक ठेवून कसं भागंल?"

मला हांगझोऊ आठवलं. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत श्रीरामपूरची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा मिश्र दुहेरीच्या फायनलचा पहिला सेट २-६ हरले. मग ६-३, १०-४ आणि गोल्ड! फेडररनंही २०२४ मध्ये डार्टमाउथच्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, मॅचेस जवळपास ८० टक्के जिंकलो, पॉइंट्स मात्र फक्त ५४ टक्के. गेलेला पॉइंट सोडा, पुढचा खेळा.

फरक एवढाच, की काकांचं बियाणं उधारीचं होतं.

आणि मी? एक लेख परत आला म्हणून आठवडाभर रुसून बसले होते. परतीच्या एसटीतच वही उघडली.