असिसीच्या फ्रान्सिसचं देणं

कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मी सरकारी नोकरीत शिरलो तो सेवेच्या ओढीनं नव्हे. घरी पगाराची गरज होती आणि जागा त्याच खात्यात निघाली होती. पुढे त्याच कामात उभा जन्म गेला आणि मन रमलं. लोक त्याचं श्रेय मला देतात तेव्हा संकोचायला होतं, कारण ते बऱ्याच अंशी इटलीतल्या असिसी गावच्या एका कापडव्यापाऱ्याच्या मुलाचं आहे. मी ख्रिस्ती नाही, पण हे देणं उघडपणे कबूल करायला हवं.

प्रशिक्षणात सगळं शिकवलं होतं. हा रोग जंतूमुळे होतो, पूर्वजन्मीच्या पापानं नाही. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन ही औषधं सुरू झाली की रुग्णापासून इतरांना असलेला धोका लवकरच संपतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद असतेच. हे मला पाठ होतं, पटलंही होतं. त्यानं भीती गेली, किळस गेली नाही. आणि हे काम तर हात लावल्याशिवाय होतच नाही. कोपरामागची नस चाचपून ती जाड झाली आहे का ते पाहावं लागतं, बधिर चट्टा हुडकावा लागतो, तळपायाची जखम जवळून तपासावी लागते. मी ते करत असे, पण घाईघाईनं. एक दिवस मनात करुणा दाटून येईल आणि मग सगळं सोपं होईल, याची वाट पाहत होतो.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरांच्या हे ध्यानात आलं असावं. त्यांनी संत फ्रान्सिसचं छोटंसं चरित्र माझ्या हातात ठेवलं. "वाचा भाऊ, तुमच्याच खात्यातला माणूस आहे," एवढंच म्हणाल्या. तोवर फ्रान्सिस म्हणजे पाखरांना उपदेश करणारा संत, इतकीच माझी माहिती होती.

ते चरित्र मी वाचलं. ऑक्टोबर १२२६ मध्ये फ्रान्सिस वारला. त्याआधी थोडे दिवस त्यानं आपलं मृत्युपत्र लिहवून घेतलं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात केवढं घडून गेलं होतं! १२०२ साली पेरुजियाशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला आणि वर्षभर कैदेत राहिला. बापाशी बिनसलं तेव्हा बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून त्यानं ते बापाला परत केले. पोप तिसरे इनोसंट यांची संमती मिळवून संघ उभा केला. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला भेटून आला. शेवटी अंगावर येशूच्या जखमांसारख्या खुणा उमटल्या, असं चरित्रकार सांगतात. यातल्या कशानंही ते मृत्युपत्र सुरू होत नाही. ते सुरू होतं कुष्ठरुग्णांपासून. त्यांच्याकडे पाहणंही आपल्याला फार कडू वाटे, देवानंच आपल्याला त्यांच्यात नेलं, आपण त्यांची सेवा केली आणि तिथून निघालो तेव्हा कडूचं गोड झालं होतं, असं तो सांगतो.

त्या मजकुरावरून माझी नजर हलेना. मी ज्याची वाट पाहत होतो, त्याची वाट या माणसानं पाहिलीच नव्हती. किळस घेऊनच तो गेला होता. गोडी मागून आली होती.

मग मी रुग्णाशेजारी त्याच्या सतरंजीवर बसू लागलो. पाय पाण्यात भिजत ठेवायचे, घट्टे दगडानं घासायचे, तेल लावायचं, ही पायांची निगा नुसती तोंडानं सांगण्याऐवजी त्यांच्यासोबत करू लागलो. सुरुवातीला मन मागेच राहत होतं. ते केव्हा बरोबर आलं, सांगता येणार नाही.

बऱ्याच वर्षांनी फ्रान्सिस पुन्हा भेटला, तोही वेळेवर. हात सराईत झाले होते आणि बोलणं मात्र कोरडं. माणसांना मी 'केस' म्हणू लागलो होतो. तेव्हा जुन्या आठवणींच्या संग्रहातला एक प्रसंग वाचनात आला. फ्रान्सिसच्या संघातल्या जेम्स नावाच्या साध्याभोळ्या बंधूनं जखमांनी भरलेल्या एका कुष्ठरुग्णाला असिसीजवळच्या पोर्झिउन्कुलाच्या चर्चमध्ये आणलं. यांना असं घेऊन हिंडणं बरं नाही, असं फ्रान्सिस त्याला रुग्णासमोरच बोलला. बोलल्याबरोबर त्याला उमगलं की तो माणूस शरमिंदा झाला आहे. प्रायश्चित्त म्हणून त्यानं त्याच रुग्णाबरोबर एका ताटलीत जेवायचं ठरवलं आणि रक्ताळलेली बोटं ज्यात बुडत होती त्यातलंच अन्न खाल्लं. संत झालेल्या माणसाचीही जीभ घसरली होती आणि ती त्यानं तिथल्या तिथे सावरली, याचा मला मोठा आधार वाटला. तेव्हापासून रुग्णाला नावानं हाक मारल्याशिवाय मी कागदाला हात लावला नाही.

निवृत्तीनंतर वाचताना कळलं, की फ्रान्सिसची माणसं आमच्या ठाण्यात केव्हाच येऊन गेली होती. टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेले. ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानं त्यांच्या अस्थी पुढे चीनपर्यंत नेल्या. फ्रान्सिसला जाऊन तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. ज्या गावी मी दरमहा अहवाल घेऊन जात असे, त्या गावाशी त्याच्या परिवाराचं नातं इतकं जुनं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

हे देणं फेडण्याची माझी ऐपत नाही. वाचकांना एक विनंती मात्र करतो. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर नीट घेतलं की रोग बरा होतो. आणि तुमच्या गावात बरा झालेला, पण बोटं वाकडी राहिलेला कुणी असेल, तर त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. मनाची तयारी होईपर्यंत थांबू नका.