यावलचा शिंजीर

सातपुड्याच्या पायथ्याचें यावल म्हटलें कीं केळीच्या बागा डोळ्यांपुढें येतात. उत्तरेकडील डोंगरांत १९६९ सालीं घोषित झालेलें अभयारण्य आहे. तथापि येथील सर्वच पक्षी पाहण्यास अरण्य गांठावें लागतें असें नाहीं. फुलांतील मध पिणारा शिंजीर परसांतील जास्वंदीवर व बागेंतील केळफुलावर सहज दिसतो.

कित्येक सुशिक्षित मंडळी त्यास 'हमिंगबर्ड' समजतात. तो पक्षी अमेरिकेबाहेर कोठेंच नाहीं. आणि 'हनीईटर' हे मुख्यतः ऑस्ट्रेलिया व तिच्या भोंवतालच्या बेटांतले. आपला शिंजीर सूर्यपक्ष्यांच्या कुळांतला. लांबी अवघी १० सेंटिमीटर, चोंच बारीक व खालीं वांकलेली. विणीच्या काळांत नर दुरून काळा दिसतो. ऊन पडलें कीं जांभळा-निळा झळकतो. मादी वरून मळकट हिरवट-तपकिरी, खालून फिकट पिवळी. वीण संपल्यावर नरहि मादीसारखा होतो. मात्र गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते. त्यास कोणी निराळी जात समजूं नये.

याचें घरटें ओळखणें अधिक कठीण. मादी गवत, तंतु व पानांचे तुकडे कोळ्याच्या जाळ्यानें बांधून बारीक फांदीला लोंबती पिशवी करते. दार बाजूस, त्यावर पागोळीसारखें लहानसें छप्पर. बाहेरून सालींचे कपटे व सुरवंटांची विष्ठा चिकटविलेली असते, त्यामुळें तें जाळ्यांत अडकलेल्या केरासारखें दिसतें. आंत बहुधा दोन अंडीं. तीं मादीच सुमारें पंधरवडा उबविते. पिलांस भरविण्याच्या कामीं मात्र नरहि हातभार लावतो. मधाबरोबर किडे व कोळीहि त्यांच्या आहारांत असतात.

हें सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, हा पक्षी पुष्कळदां ओसरीवरील वेलीला किंवा लोंबत्या तारेलाहि घरटें बांधतो, आणि त्याच्या विणीचा भर उन्हाळ्यांत, म्हणजे घरोघर कोळिष्टकें झाडण्याच्या दिवसांतच असतो. कावळ्यास चकविणारी युक्ति अशा वेळीं केरसुणीपुढें उलटते. म्हणून आमची गृहिणींस व मुलांस विनंति आहे: वेलीवरचा लोंबता केर काढण्यापूर्वीं दूर उभें राहून थोडा वेळ पाहावें. एखादी लहानशी पिवळट पांखरी तेथें शिरली, तर तो कोपरा महिनाभर तसाच राहूं द्यावा. तेवढ्यानें घराच्या स्वच्छतेस उणेपणा येत नाहीं.