पहिला माल हाती येईपर्यंत

2012 च्या एप्रिलमध्ये, तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत खरड छाटणी चालू असताना, मुंबईच्या एका खासगी चित्रपट संस्थेचं प्रवेशपत्र आलं. संकलनाचा, म्हणजे एडिटिंगचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. फी, राहणं-खाणं धरून खर्च 12 लाखांच्या घरात जात होता. मी पत्र घेऊन तशीच बागेत पळाले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कात्री खिशात टाकली, फीचा तक्ता दोनदा वाचला, फवारणीच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही," म्हणाले.

खर्च भराभर लिहून झाला. उत्पन्नाच्या रकान्यापाशी मात्र पेन अडलं. माहितीपुस्तिकेत नामवंत दिग्दर्शकांचे फोटो होते, पण दोन वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडलेली मुलं महिन्याला किती मिळवतात, याची एक ओळही नव्हती.

"बाग लावल्यावर माल कधी येतो?" अण्णांनी विचारलं.

हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. खुंटरोपं लावायची, कलम भरायचं, वेल मंडपावर चढवायचा. पहिला माल यायला दीड-दोन वर्षं लागतात आणि खांब-तारांचे पैसे त्याआधीच गेलेले असतात.

"मग तुझ्या बागेचा पहिला माल कधी? आणि तोवर बँक थांबणार हाय का?"

बँकेत गेलो. साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागत होतं, त्याच्या वर गेलं की तारण. आमच्याकडे तारण म्हणजे बागच. साहेबांनी हप्ता काढून दिला. 12 लाख, 11 टक्के, 7 वर्षं. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेळच्या वेळी भरलं, तरी महिना साधारण 20,500 रुपये. वर्षाचे 2 लाख 46 हजार. अभ्यासक्रम संपल्यावर फार तर वर्षभराची सवड, मग हप्ता सुरू.

शेजारच्या गावचा एक दादा अंधेरीत मालिकांचा सहायक संकलक होता. त्याला भेटायला आम्ही दोघं मुंबईला गेलो. एडिट रूममध्ये खिडकी नव्हती. पडद्यावर एकाच प्रसंगाचे सात टेक होते आणि दादा प्रत्येक टेकचा आवाज चित्राशी जुळवत बसला होता. बारा तासांची शिफ्ट. अण्णा मागच्या स्टुलावर बसून दोन तास ते पाहत राहिले. चहाच्या टपरीवर दादानं सगळं मोकळेपणानं सांगितलं. महिन्याला 20 हजार ठरलेले, पण पैसे हातात येतात 90 दिवसांनी. मालिका बंद पडली की पुढचं काम मिळेपर्यंत घरी. वर्षातले आठ महिने काम मिळालं तर चांगलं म्हणायचं.

म्हणजे 1 लाख 60 हजार. हप्त्यापुढे हा आकडा ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं. मी डिग्रीची किंमत फीच्या तक्त्यात शोधत होते. खरी किंमत होती शिक्षण संपल्यापासून कमाईला स्थैर्य येईपर्यंतच्या वर्षांची, आणि ती वर्षं कुठल्याच तक्त्यात नव्हती.

मी तो प्रवेश सोडला. आठवडाभर रडले, हेही खरं. मग सांगलीत लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत लागले. एडियसवर हळद, वरात, अक्षता कापत राहिले आणि रात्री पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला. पहिल्या खेपेला राहिले, दुसऱ्या खेपेला निवड झाली. संस्था सरकारी असल्यानं फी खासगीच्या मानानं बरीच कमी होती. तारण न देता, लहानशा कर्जावर भागलं.

तिथे मला काय मिळालं? लॉ कॉलेज रोडवरची ती जागा पूर्वी प्रभात फिल्म कंपनीची. दामले, फत्तेलाल, शांताराम कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीत काम करता करता शिकले. 1929 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रभात काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला आणली. डिग्री कुणाकडेच नव्हती. पण त्या काळी कंपनी पगार द्यायची आणि काम शिकवायचीही. स्टुडिओचे ते दिवस गेले आणि पगार घेत शिकायची जागाही गेली. आज चुका करायला मोकळीक देणारी जागा विकत घ्यावी लागते, आणि ती अमूल्य आहे, असं मी मनापासून म्हणते. एक शॉट चार फ्रेम आधी कापला तर माणूस खोटं बोलतोय असं वाटतं, हे मला तिथल्या टेबलावर कळलं. लग्नाच्या व्हिडिओवर ते कधी कळलं नसतं.

तरी बाहेर पडल्यावर मुंबईत पहिल्या वर्षी माझे 1 लाख 90 हजार झाले. दुसऱ्या वर्षी पावणेतीन लाख. त्याच दुसऱ्या वर्षी एका माहितीपटाचं काम आलं. आठ महिने लागणार होते आणि पैसे नावापुरते होते. मी ते घेतलं, कारण माझा हप्ता साडेतीन हजारांचा होता. माझ्याच खोलीत राहणारी मैत्रीण मोठं कर्ज काढून शिकलेली. कापायला बसली की माझ्याहून सरस. तिला दर महिन्याच्या 5 तारखेला 22 हजार भरायचे असत, म्हणून तिनं रिअ‍ॅलिटी शोचं काम धरलं. दर वर्षी म्हणायची, एवढं वर्ष झालं की सोडते. त्या माहितीपटामुळे मला पुढे चित्रपट मिळाला. तिची निवड चुकली, असं मी कधीच म्हणणार नाही. निवड करायला लागणारी उसंतच तिच्याकडे नव्हती.

गेल्या महिन्यात कवठेमहांकाळकडची एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. हातात फीचा तक्ता होता, 18 लाखांचा. "ताई, घेऊ का प्रवेश?" तिनं विचारलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला ओळखीचं होतं, म्हणून नको म्हणवेना. मी तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिला तीन प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या पाच जणांना गाठ. गेल्या सहा महिन्यांत काम किती दिवस मिळालं, त्याचे पैसे हातात कधी आले आणि हप्ता किती जातो, एवढंच विचार.

तिचे वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी तो कागद स्वतःकडे घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "तुमचा पहिला माल कितव्या वर्षी आला?"

"चौथ्या," मी म्हटलं.