शंभर ऑक्टेनची सवय

जानेवारी 1999 मध्ये जपानच्या बाजारात आलेली निसान स्कायलाइन जीटी-आर आर34 पंचवीस वर्षं जुन्या गाड्यांना सूट देणाऱ्या नियमामुळे अमेरिकेत 2024 पासून कायदेशीरपणे आणता येऊ लागली. गाडी बंदरातून सुटली, कागदपत्रं झाली, की मालक पहिल्यांदा जातो तो पेट्रोल पंपावर. तिथे ऑक्टेनचा सर्वांत वरचा आकडा असतो 93, पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत तर 91 च. जपानी पंपावरचं ‘हायओकु’ जवळपास 100 चं. सात-नऊ अंकांची ही तफावत पाहून नवखा मालक घाबरतो. अनुभवी ट्यूनर आधी विचारतो, हा आकडा कोणत्या मापाचा?

कारण मापं दोन आहेत. जपान, ब्रिटन, न्यूझीलंड आणि भारतातही आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) चालतं. अमेरिकी पंपावर मात्र आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी लिहिलेली असते. दोन्ही चाचण्या एकाच जातीच्या, एका सिलिंडरच्या इंजिनावर होतात. आरओएन मोजताना ते मिनिटाला 600 फेरे घेतं. एमओएनसाठी 900 फेरे आणि वर तापवलेलं मिश्रण, म्हणून तो आकडा कमी येतो. हिशेब केला तर अमेरिकेचं 93 हे साधारण 97-98 आरओएन आणि 91 म्हणजे 95-96. सात अंकांची दरी प्रत्यक्षात दोन-तीन अंकांची निघते. पण निघते.

ऑक्टेनची ही मोजपट्टी 1920 च्या दशकात ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने सुचवली. आयसो-ऑक्टेनला 100, नॉर्मल हेप्टेनला शून्य. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली आणि उष्णतेत वेळेआधी स्वतःहून न पेटण्याची त्याची सहनशक्ती. ठिणगीने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं, तर इंजिन नॉक करतं. हलक्या नॉकने आवाज येतो. टर्बो इंजिनात भरपूर बूस्टवर तेच जोरात होत राहिलं, तर पिस्टनच्या रिंगांमधला धातूचा पट्टा तडकतो.

आर34 चं आरबी26 इंजिन 2,568 सीसीचं, दोन टर्बोंचं. त्याचा कॉम्प्रेशन रेशो 8.5, म्हणजे कागदावर सौम्यच. होंडाच्या जपानी इंटेग्रा टाइप आरमध्ये टर्बो नाही, पण रेशो 11.1. दोघांनाही उत्तम पेट्रोल लागतं, कारणं मात्र वेगळी: एकात टर्बो दाब वाढवतो, दुसऱ्यात पिस्टन. त्यामुळे केवळ रेशो पाहून पेट्रोल ठरवणारा फसतो.

जपानी इंजिनिअरांनी ठिणगीचं टायमिंग देशातल्या पेट्रोलवर बेतलं. जेआयएस मानकाप्रमाणे तिथलं प्रीमियम किमान 96 आरओएन, पंपावर मिळतं त्याहून चांगलं. त्या काळच्या निसान संगणकात हाय ऑक्टेन आणि कमी ऑक्टेन असे टायमिंगचे दोन तक्ते असायचे. नॉक सेन्सरने तक्रार केली की संगणक दुसऱ्या तक्त्यावर उतरायचा. ही सोय इंजिन वाचवते, पण ताकद घटते. शिवाय पंचवीस वर्षांच्या सेन्सरवर कितपत विसंबायचं, हे तपासल्याशिवाय ठरत नाही.

म्हणूनच जाणकार ट्यूनर प्रथम टाकीतलं जुनं पेट्रोल काढतो. मग जे पेट्रोल मालकाला रोज मिळणार आहे तेच भरतो, गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढवतो, कानाला नॉक ऐकण्याचे हेडफोन लावतो आणि टायमिंग एकेक अंशाने पुढे नेतो. नॉकची पहिली चाहूल लागली की दोन-तीन अंश मागे येतो. थंड सकाळी बसवलेलं टायमिंग भर उन्हाळ्यात टिकेल याची खात्री करायला आत येणाऱ्या हवेचं तापमानही पाहतो.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवरही नजर हवी. ‘दहा पॉइंट’ लिहिलेलं असतं तिथे बहुधा एकच पूर्ण अंक वाढतो, कारण पॉइंट म्हणजे दशांश. डोंगराळ कोलोरॅडोत 85 चं पेट्रोल मिळतं. विरळ हवेत साध्या इंजिनाला ते चालून जातं. टर्बो मात्र ती विरळ हवाही दाबून भरतो, म्हणून तिथेही जीटी-आरला सूट नाही.

इथेनॉल मिसळलेल्या ई85 चा मार्ग मोहक आहे: ऑक्टेन भरपूर, शिवाय आतली हवाही थंड होते. पण हवेच्या प्रमाणात इंधन बरंच जास्त लागतं, मोठे इंजेक्टर आणि पंप लागतात, जुने रबरी पाइप बदलावे लागतात.

न्यूझीलंडमध्ये जपानी गाड्यांची आयात मोठी, आकडे आरओएनचेच: 91, 95 आणि अनेक पंपांवर 98. तिथे गणित सोपं. मुंबई-पुण्यातही इंडियन ऑइलचं एक्सपी100 डिसेंबर 2020 पासून ठरावीक पंपांवर आलं, तेही याच मापाचं.

लांबच्या प्रवासात 98 मिळेलच असं नाही, म्हणून चांगला ट्यूनर संगणकात दोन तक्ते बसवून देतो: एक नेहमीच्या उत्तम पेट्रोलसाठी, दुसरा कमी बूस्टचा, 95 वर सुखरूप घरी पोहोचवणारा. मालकाने कोणता कधी लावायचा, हे तो सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवतो.